कुणाच्या अटींवर?

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत एखादा तरुण नोकरीला कंटाळला की घरच्यांच्या कानावर दोनपैकी एक नाव पडतं. एक तर हिमालयातलं कुठलं तरी गाव, नाहीतर गडचिरोली. ‘तिकडे जाऊन काहीतरी करावं म्हणतो’ हे वाक्य महाराष्ट्रात गेली चाळीसेक वर्षं तरी ऐकू येतंय. सरकारी कचेऱ्यांत मात्र हेच नाव शिक्षेचं. गडचिरोलीला बदली म्हणजे साहेबांची मर्जी फिरली. गेलेला माणूस तिथे टिकावा म्हणून सरकारला एकस्तर वेतनश्रेणीचं आमिष ठेवावं लागतं. म्हणजे एक जण स्वतःचा शोध घ्यायला या जिल्ह्यात येतो आणि दुसरा वशिला लावून इथून सुटका करून घेतो. २०११च्या जनगणनेनुसार १० लाख ७२ हजार माणसं याच जिल्ह्यात आपलं आयुष्य काढत होती. त्यांना आयुष्य कसं काढायचंय, हे विचारायची पद्धत मात्र नाही.

मनाजोगतं, अर्थपूर्ण जगण्याचे जितके प्रयोग चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाले, तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाले असतील. (२६ ऑगस्ट १९८२पर्यंत हा एकच जिल्हा होता.) त्यांच्यावरची पुस्तकं, सिनेमे आणि मुलाखती बहुतेक एकाच सुरात असतात: त्याग, ध्यास, जंगल, यश. मला या प्रयोगांकडे दुसऱ्या बाजूने बघायचंय. आपल्या अटींवर जगायला निघालेल्या माणसाला ‘हे आम्हाला नको’ असं सांगायची मुभा तिथल्या लोकांना होती का? जिथे होती तिथे काम मुरलं आणि माणूसही वाढला, असं माझं मत आहे.

सुरुवात बाबा आमट्यांपासून करायची प्रथा आहे, पण त्यांच्याही आधी तुकडोजी महाराज या जंगलात येऊन गेले होते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा हा मुलगा कोवळ्या वयात चिमूर परिसरातल्या रानात साधनेला बसला. गोंदोड्याची तपोभूमी आजही लोक दाखवतात. आत्मोन्नतीसाठी अरण्यात जायचं, ही जुनीच वाट. त्यांचं वेगळेपण असं की ते परत आले, खंजिरी घेऊन गावोगाव फिरले आणि पुढे ग्रामगीता लिहिली. तिच्यात मोक्षाइतकीच जागा गावच्या स्वच्छतेला, श्रमाला आणि संघटनेला आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, तेव्हा त्यामागे त्यांच्या भजनांचाही हात असल्याचं इंग्रज सरकारला वाटलं आणि त्यांना अटक झाली. एकट्याची साधना गावाच्या कामात उतरवायची ही रीत या भागात पुढे अनेकांनी उचलली. श्रेय मात्र क्वचितच त्यांना मिळालं.

बाबा आमट्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. वरोऱ्यातली वकिली, नगरपालिकेचं उपाध्यक्षपद, गटारात पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम, त्याला पाहून वाटलेली भीती, आणि त्या भीतीची लाज वाटून घेतलेला निर्णय. १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभं राहायला लागलं. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बोटं झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, भाजीपाला पिकवला, दूध काढलं. सुरुवातीला वरोऱ्याचं गाव त्याला हात लावायला तयार नव्हतं. १९६४मध्ये याच वस्तीने गावासाठी आनंद निकेतन महाविद्यालय काढलं. ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या दारात गावाची मुलं शिकायला आली. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेबच फिरला. दयेवर उभ्या राहिलेल्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत. असा हिशेब फिरवणाऱ्या फार थोड्या.

पण एका व्यक्तीच्या तेजाभोवती उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीच्या पश्चात कशी चालावी, हा प्रश्न आनंदवनालाही चुकला नाही. २०२०मध्ये तिथले मतभेद वर्तमानपत्रांत आले. त्यावर शेरे मारायची ही जागा नव्हे. एवढंच नोंदवतो की संस्थापकाच्या अटींवर चालणाऱ्या घरात पुढच्या पिढ्यांना स्वतःच्या अटी मांडणं जड जातं.

डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांची गोष्ट म्हणूनच निराळी वाचावी लागते. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तो वडिलांच्या इच्छेने. नागपूरचं शल्यचिकित्सेचं शिक्षण प्रकाशभाऊंनी अर्धवट सोडलं. वीज नाही, पावसाळ्यात रस्ते बंद, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटलेला, आणि माडिया आदिवासी डॉक्टरला बघून पळणारे. अशा वेळी तीन गोष्टी बदलल्या, आणि तिन्ही डॉक्टरांच्या बाजूने. ते माडिया भाषा शिकले. शर्ट-पँट सोडून बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले. आणि रुग्ण येईल तेव्हा त्याच्या वेळेनुसार बघायला लागले. अंगावर लंगोटी असलेल्या माणसासमोर इस्त्रीच्या कपड्यांत बसणं म्हणजे अंतर राखणं, हे त्यांना कुणी भाषणातून सांगितलं नव्हतं. लोकांच्या पळण्यानेच सांगितलं. १९७६मध्ये शाळा निघाली. लालसू नोगोटी याच शाळेत शिकले, पुढे माडिया समाजातले पहिले वकील झाले आणि २०१७मध्ये ग्रामसभांच्या पाठिंब्यावर जिल्हा परिषदेवर निवडून गेले. हेमलकशाचं मोठं यश मला २००८च्या मॅगसेसे पुरस्कारापेक्षा या निवडणुकीत दिसतं, कारण लालसू निवडून आल्यावर प्रकल्पाच्या नव्हे, ग्रामसभांच्या वतीने बोलत होते.

‘आपली आवड’ आणि ‘लोकांची गरज’ यांची टक्कर सगळ्यांत स्वच्छ दिसते ती डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामात. जॉन्स हॉपकिन्सहून परतलेल्या या जोडप्याने १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. संशोधकाला हुरूप यावा असा विषय त्यांनी निवडला: सिकलसेल. आदिवासींचं रक्त तपासलं, दोष सापडला, निष्कर्ष महत्त्वाचे निघाले. आणि लोकांना त्याचं काही वाटलं नाही. तो त्यांना त्यांचा प्रश्नच वाटत नव्हता. हे संशोधन लोकांवर झालं, लोकांसाठी झालं नाही, ही कबुली डॉ. बंग यांनी स्वतः अनेकदा दिली आहे. त्यानंतर त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा, हेही विचारलं. मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटते असं उत्तर आलं, म्हणून गावातल्या घरांसारखा, माँ दंतेश्वरीच्या नावाचा दवाखाना उभा राहिला.

राणीताईंनी बायकांना विचारलं तेव्हा जे बाहेर आलं त्याने जगाचे कान टवकारले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. ‘लॅन्सेट’ने हा शोधनिबंध जानेवारी १९८९मध्ये छापला. गरोदरपण वगळता ग्रामीण बाईला गर्भाशय असतो हेच आरोग्यव्यवस्थेच्या गावी नव्हतं. पुढे ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. तो निबंध १९९९चा. देशभरातल्या आशाताईंचं घरभेटीचं काम याच अनुभवावर बेतलेलं आहे. अंगठ्यापासून सहीपर्यंत आणि सहीपासून सिरिंजपर्यंत गेलेल्या या आरोग्यदूत बायकांच्या वाढीवर कुणी स्वतंत्र पुस्तक लिहायला हवं होतं. आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांचे ढीग बसस्टँडवर विकले जातात. त्यांत ही बाई कधी भेटत नाही.

बंगांनी २००६मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं. १८ ते २८ वयाच्या तरुणांना ‘सर्च’च्या शोधग्राम परिसरातल्या शिबिरांत ‘या आयुष्याचं काय करायचं’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारायची मुभा मिळाली. बाबा आमट्यांच्या सोमनाथ इथल्या श्रमसंस्कार छावणीने आधीच्या पिढ्यांना कुदळ-फावड्याने जे शिकवलं, त्याला इथे वाचन, चर्चा आणि वर्षभराच्या प्रत्यक्ष कामाची जोड आहे. यातून चांगले डॉक्टर ग्रामीण भागात टिकले, काही इंजिनिअर पाणी-शेतीकडे वळले. माझी शंका शिबिरांबद्दल नाही, शिबिरार्थींच्या पायाखालच्या जमिनीबद्दल आहे. वर्षभर करून बघू, नाही जमलं तर परत जाऊ, ही सोय ज्याच्यापाशी असते त्याचं धाडस खरं असलं तरी त्याला खाली जाळी असते. धानोऱ्याच्या किंवा कोरचीच्या मुलाने एक वर्ष ‘स्वतःला शोधण्यात’ घालवलं तर त्या वर्षाची मजुरी घरातून वजा होते.

मोहन हिराबाई हिरालाल हे नाव तुलनेने कमी घरांत पोचलं. मूळचे चंद्रपूरचे, जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतले. आई आणि वडील दोघांची नावं लावत आणि आडनाव वगळत. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध १९८४च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यानंतर ते अशा गावाच्या शोधात होते जे आपले निर्णय आपणच घेऊ पाहतंय. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) त्यांना भेटलं आणि तिथलेच देवाजी तोफा भेटले. मोहनभाऊंनी तिथे संस्था काढली नाही, दवाखाना काढला नाही, नेते झाले नाहीत. त्यांनी अभ्यासगट चालवला. गावाने विषय ठरवायचा, माहिती गोळा करायची, बोलत राहायचं, आणि निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबायचा. बाहेरून आलेल्या हुशार माणसाला हे किती अवघड जात असेल! उत्तर माहीत असताना गप्प बसायचं, तेही वर्षानुवर्षं.

त्या गप्प बसण्यातून काय झालं ते कागदोपत्री आहे. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी तो एक. हक्क मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. दोन वर्षं झगडल्यावर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३मध्ये गावाने आपल्या खासगी जमिनीही ग्रामदानात ग्रामसभेकडे सोपवल्या. मिलिंद बोकिलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’मध्ये हे सगळं बारकाईने लिहिलंय. जानेवारी २०२५मध्ये मोहनभाऊ गेले. त्यांच्या नावाचा आश्रम नाही आणि पुतळाही उभारला जाणार नाही असं वाटतं. या आढाव्यातला सगळ्यांत मोठा माणूस मला तेच वाटतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही याच वाटेवरचं. २०१२मध्ये हजारभर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर गावाने बांबूचा कारभार हातात घेतला आणि हक्काचं उत्पन्न असलेला तेंदूपत्ता तोडायचं थांबवलं. पानांसाठी झाडं छाटावी लागतात, जंगलाला आगी लागतात, आणि तेंदूची फळं माणसांना-पाखरांना मिळत नाहीत, हा त्यांचा हिशेब. दारात आलेल्या पैशाला नाही म्हणायची ऐपत बांबूने दिली. कामासाठी बाहेर जाणारी पोरं गावात राहू लागली. स्वतःच्या अटींवर जगणं म्हणजे काय, याचं इतकं रोकडं उदाहरण मला शहरात सापडलेलं नाही.

तरी ग्रामसभेच्या अटी म्हणजे बाईच्या अटी, असं समजायचं कारण नाही. माडिया-गोंड गावांत पाळी आलेल्या बाईने गावाच्या कडेला कुर्माघरात राहायची चाल आहे. मोडकी झोपडी, गळकं छप्पर, सापविंचवाची भीती. काही संस्थांनी पक्की, संडास-पाण्याची सोय असलेली कुर्माघरं बांधून दिली, तेव्हा वाद झाला: अन्यायाला सिमेंटचा पाया कशाला? टीका तत्त्वाला धरून आहे, पण ती करणारी बहुतेक माणसं रात्री आपापल्या घरात झोपतात. त्या झोपडीत पाच दिवस काढणाऱ्या बाईला आज छप्पर हवंय आणि उद्या चाल मोडायची की नाही ते तिला ठरवायचंय. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मात्र ‘आमची संस्कृती’ म्हणून पुरुषांची बैठक हा विषय मिटवणार असेल, तर तिथे सर्वसहमती कुणाची, हे विचारलंच पाहिजे.

दारूचंही तसंच. गडचिरोलीत १९९३मध्ये बंदी आली ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या चळवळीमुळे. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बायका डिसेंबर २०१०मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ला बंदी लागू झाली आणि २०२१मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी चालते की फसते यावर प्रामाणिक मतभेद आहेत. अवैध दारूचा महापूर मीही नाकारत नाही. पण चालत गेलेल्या बायकांकडे परत जाऊन ‘आता उठवू का?’ असं कुणी विचारलं नाही.

या मुलखातला सर्वांत मोठा आत्मनिर्णय तर शिबिरात किंवा आश्रमात झालाच नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चंद्रपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. जंगलपट्टीतल्या वाटा तुडवत, बैलबंड्यांनी आणि पायी आलेल्या माणसांनी एका दिवसात आपली जन्मजात ओळख नाकारली आणि दुसरी निवडली. देव, सण, लग्नविधी, मुलांची नावं सगळं बदललं. ‘स्वतःला नव्याने घडवा’ असं सांगणाऱ्या कुठल्याही कार्यशाळेने एवढं घडवलेलं नाही. तरी अर्थपूर्ण जीवनाच्या याद्यांत ही तारीख नसते, कारण याद्या करणाऱ्यांना नायक एकटा हवा असतो आणि शक्यतो घरदार सोडून आलेला.

घरदार न सोडता मनासारखं जगणारे लोक बघायचे तर दिवाळीनंतर देसाईगंज-वडशाला जावं. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे दाटीने आहेत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पहाटेपर्यंत पेटी-तबला वाजतो आणि मांडव हलत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत रोवणी करणारा माणूस हिवाळ्यात खलनायक होतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोगांत आठशेच्या आसपास भूमिका केल्या. २०२३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही कला मुख्यतः गावातल्या मंडळाच्या तिकिटांवर जगते. नाटक पडलं तर पुढच्या वर्षी गाव बोलावत नाही, आणि हा नकार पचवून नट पुन्हा बांध्यात जातो. स्त्री कलावंतांना यात अजून बोल ऐकावे लागतात. ते सुख नाहीच. पण पोटाचं काम आणि मनाचं काम एकाच गावात, एकाच वर्षात बसवायची ही युक्ती कुण्या समुपदेशकाला सुचलेली नाही.

राहिला प्रश्न आजच्या स्थानिक पोरांचा, आणि तो सगळ्यांत कमी लिहिला गेलाय. दोन पिढ्या त्यांच्यापुढे बंदूक धरलेले दोन गट होते, नक्षलवादी आणि पोलीस, आणि दोघांनाही हीच पोरं हवी होती. घरच्यांनी ठरवलेलं लग्न टाळायला नक्षलवाद्यांच्या दलमचा रस्ता धरलेल्या मुलींच्या हकिगती इथे ऐकायला मिळतात. सुटकेचा दुसरा दरवाजाच माहीत नव्हता. ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षलवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली आणि तो दरवाजा जवळपास बंद झाला. नवे दरवाजे कोणते? सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा कारखाना. आत्मसमर्पण केलेलेही तिथे कामाला आहेत. त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि इलाक्यातल्या ग्रामसभांनी खाणीला वर्षानुवर्षं विरोध केलाय. एकाच घरातला थोरला आंदोलनात आणि धाकटा डंपरवर, हे इथे नवल नाही. धाकट्याला ‘विकला गेला’ म्हणणं सोपं आहे. त्याच्यापुढे तिसरा पर्याय कुणी ठेवला, ते म्हणणाऱ्याने सांगावं. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आणि २०११मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात शिकून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पाठ करणाऱ्या मुली हेही आपापल्या परीने आयुष्याचं काय करायचं याचंच उत्तर शोधताहेत. वर्दीची नोकरी मागणाऱ्या मुलाला ध्येय नाही, आणि कंपनी सोडून आलेल्या मुलाला आहे, असं मानणं हा निव्वळ शहरी गर्व आहे.

तेव्हा घरातल्या कुणाला गडचिरोलीला जायचं असेल तर खुशाल जाऊ द्या. निघताना एवढंच विचारा की तिथे तुला नाही म्हणू शकेल असं कोण आहे. आणि एटापल्लीची किंवा भामरागडची एखादी मुलगी शिकायला पुण्यात येऊन तुमच्या सोसायटीत खोली मागेल, तेव्हा तिचं आडनाव न विचारता तिला खोली द्या.